मर्यादित निधी आणि लहान युद्धनौका : कट्टुपल्लीचा अनुभव

१८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमच्या नौदल गोदीत ‘आयएनएस अर्नाळा’ ही युद्धनौका भारतीय नौदलात दाखल झाली. मराठ्यांनी चिमाजी अप्पांच्या कारकिर्दीत, १७३७ मध्ये, वसईजवळच्या बेटावर जो किल्ला उभारला त्याचे नाव तिला देण्यात आले आहे. नाव महाराष्ट्राच्या किनाऱ्याचे असले, तरी नौका बांधली गेली ती चेन्नईच्या उत्तरेस, तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील कट्टुपल्ली येथील लार्सन अँड टुब्रो कंपनीच्या गोदीत. कंत्राट मात्र कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्स अँड इंजिनिअर्स या सरकारी कंपनीचे. उथळ पाण्यात पाणबुडीचा शोध घेणाऱ्या १६ नौकांच्या मालिकेतील ही पहिली नौका होय. मर्यादित निधीत ताफ्याचे नूतनीकरण कसे करावे, या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी ही मालिका आणि ही गोदी यांच्याइतके सोयीचे उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही.

भारतीय नौदल लहान नाही, हे खरे. विमानवाहू नौका आणि अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या बाळगणाऱ्या मोजक्या नौदलांत त्याची गणना होते. परंतु नेमक्या याच कारणामुळे किनाऱ्याजवळ काम करणाऱ्या लहान नौकांच्या वाट्याला निधीचा उरलासुरला भाग येतो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. त्यापैकी भांडवली खर्चासाठी १ लाख ८० हजार कोटी रुपये होते. ही रक्कम तिन्ही दलांत विभागली जाते आणि तिचा मोठा हिस्सा पूर्वी केलेल्या करारांचे हप्ते फेडण्यातच खर्ची पडतो. नव्या करारांसाठी जे उरते, त्यात मोठ्या विनाशिकेची मागणी आणि लहान कॉर्व्हेटची मागणी एकाच रांगेत उभ्या राहतात. किनाऱ्याचे रक्षण करणारा ताफा म्हणूनच मोठ्या नौदलाच्या पोटातील एक लहान नौदल ठरतो आणि त्याच्या अडचणीही लहान नौदलाच्याच असतात.

किनाऱ्यावर काय पणाला लागलेले असते

चेन्नईला या प्रश्नाचे गांभीर्य शंभर वर्षांपूर्वीच कळले होते. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डेन’ या एकट्या जर्मन क्रूझरने मद्रास बंदरालगतच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या. अवघ्या काही मिनिटांचा हा हल्ला होता. टाक्या पेटल्या, शहरात घबराट पसरली आणि असंख्य कुटुंबे शहर सोडून गेली. वस्तुतः झालेल्या नुकसानीपेक्षा व्यापाराच्या मनात बसलेली धास्ती अधिक महागात पडली.

आज याच किनाऱ्यावर चेन्नई, एन्नोरचे कामराजर बंदर आणि कट्टुपल्ली अशी तीन बंदरे थोड्या थोड्या अंतरावर आहेत. कामराजर बंदराची उभारणीच मुळात उत्तर चेन्नईतील औष्णिक वीजकेंद्रांना कोळसा पुरवण्यासाठी झाली. बंदराच्या तोंडाशी एक पाणबुडी किंवा चार पाणसुरुंग असल्याचा नुसता संशय आला, तरी जहाजांचा विमा महागतो, कोळशाची जहाजे बाहेर थांबून राहतात आणि त्याचे परिणाम वीजकेंद्रांपर्यंत पोहोचतात. किनारा राखणाऱ्या लहान नौकेचा लाभ या न घडलेल्या नुकसानीत मोजावा लागतो. तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. म्हणूनच निधीवाटपाच्या वेळी तो सहज विसरला जातो.

स्वस्त नौकेची खरी किंमत

कॉर्व्हेट हा शब्द सैल आहे. साधारणतः फ्रिगेटपेक्षा लहान व गस्ती नौकेपेक्षा अधिक शस्त्रसज्ज अशी नौका, एवढाच त्याचा अर्थ. पाचशे टनांची नौकाही कॉर्व्हेट म्हणवते आणि तीन हजार टनांचीही. त्यामुळे ‘अमुक देशाने इतक्या कॉर्व्हेट घेतल्या’ या विधानावरून फारसा बोध होत नाही. त्या नौकांकडून कोणते काम अपेक्षित आहे, हे पाहावे लागते.

येथे तीन भारतीय उदाहरणे शेजारी ठेवून पाहता येतील. पहिले उदाहरण तटरक्षक दलाच्या ‘विक्रम’ वर्गातील सात गस्ती नौकांचे. २०१५ मध्ये त्यांचे कंत्राट सुमारे १,४३२ कोटी रुपयांना लार्सन अँड टुब्रोला मिळाले. म्हणजे एका नौकेस सुमारे २०५ कोटी रुपये. सुमारे २,१०० टनांच्या या नौका आहेत. दुसरे उदाहरण अर्नाळा मालिकेचे. एप्रिल २०१९ मध्ये आठ नौकांसाठी ६,३११ कोटी रुपयांचा करार झाला. एका नौकेस सुमारे ७८९ कोटी. लांबी ७७.६ मीटर आणि जलावतरणाच्या वेळी देण्यात आलेल्या अधिकृत माहितीनुसार वजन ९०० टन. तिसरे उदाहरण ‘कमोर्ता’ वर्गातील चार पाणबुडीविरोधी कॉर्व्हेटचे. तीन हजार टनांहून अधिक वजनाच्या या नौकांचा मंजूर खर्च मार्च २००३ मध्ये ३,०५१ कोटी रुपये होता. तो पुढे ७,८५२ कोटींवर गेल्याचे महालेखापरीक्षकांनी नोंदवले. म्हणजे एका नौकेस १,९६० कोटींच्या पुढे.

करारांची वर्षे निराळी आहेत, कोणत्या किमतीत कोणते साहित्य धरले आहे यातही फरक आहेत; त्यामुळे हे आकडे तंतोतंत ताडून पाहणे योग्य होणार नाही. तरीही एक गोष्ट त्यांतून ठळकपणे दिसते. गस्ती नौकेच्या एका टनास साधारण १० लाख रुपये लागले, तर अर्नाळाच्या एका टनास ८८ लाखांच्या आसपास. पोलाद तेच, वेल्डिंग करणारे हात बहुधा तेच, गोदीही तीच. फरक पडतो तो सोनार, पाणतीर, रॉकेट, त्यांना जोडणारी संगणकीय यंत्रणा आणि पाण्याच्या झोताने नौका पुढे ढकलणारी प्रणाली यांमुळे. युद्धनौकेत पोलाद सर्वांत स्वस्त असते. निधी कमी आहे म्हणून नौका आखूड करणे ही बचत म्हणूनच बरेचदा फसवी ठरते. बचत करायची असेल तर ती कामांच्या यादीतून करावी लागते.

अर्नाळा मालिकेच्या आखणीत हे तत्त्व पाळलेले दिसते. किनाऱ्यालगतच्या पाण्यात पाणबुडी शोधणे, सुरुंग पेरणे आणि गरज पडल्यास शोध व बचावकार्य करणे एवढीच तिची कामे. लांब पल्ल्याची विमानविरोधी क्षेपणास्त्रे तिच्यावर नाहीत. त्यामुळे ती किनाऱ्यावरील विमानांच्या छत्राखालीच वावरू शकते, ही मर्यादा उघड आहे. पण ही मर्यादा स्वीकारल्यामुळेच ५७ जणांच्या चमूत तिचे काम भागते. नौकेवरील प्रत्येक माणसाचे वेतन, प्रशिक्षण, निवास आणि निवृत्तिवेतन पुढील तीन-चार दशके महसुली अंदाजपत्रकावर पडत असते. खरेदीची किंमत वर्तमानपत्रांच्या मथळ्यात येते. हा खर्च येत नाही.

मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. आंग्र्यांच्या आरमाराने युरोपीय कंपन्यांच्या मोठ्या जहाजांशी जहाजास जहाज अशी बरोबरी करण्याचा प्रयत्न केला नाही. उथळ खाड्यांत शिरणारी गलबते आणि तोफा वाहणाऱ्या गुराबा यांच्या जोरावर, आपल्या किनाऱ्याच्या आधाराने, त्यांनी काम साधले. अर्थात तोही किनाऱ्यापुरताच हिशेब होता.

‘खुकरी’ची आठवण

कामांची यादी आखडती घेण्याच्या धोरणाला एक गंभीर बाजूही आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. खुकरी ही ब्रिटनमध्ये बांधलेली फ्रिगेट होती आणि तिचा आराखडा मुळात काटकसरीतून जन्माला आला होता. पाणबुडीविरोधी मोठ्या फ्रिगेट पुरेशा संख्येने बांधणे परवडणार नाही, म्हणून १९५० च्या दशकात ब्रिटिश नौदलाने एकच पंखा असलेल्या, मोठ्या तोफा नसलेल्या या लहान नौका आखल्या. भारताने त्यांपैकी खुकरी, कृपाण आणि कुठार अशा तीन घेतल्या.

यावरून काटकसरीची नौका म्हणजे कुचकामी नौका, असा निष्कर्ष काढणे चूक होईल. युद्धातील घटनेची कारणे अनेक असतात. मात्र अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यातून एक भेद करता येतो. ज्या कामासाठी नौका आहे, त्या कामाच्या साधनांवरच काटकसर झाली, तर वाचलेला पैसा हा वाचलेला नसतो. तो धोक्याच्या रूपाने नौकेवरील माणसांच्या खाती टाकलेला असतो. पाणबुडी शोधणाऱ्या नौकेचा सोनार शत्रूच्या पाणबुडीच्या तोडीस तोड हवा. तिची तोफ लहान असली तरी चालेल.

‘कमोर्ता’च्या बाबतीत हीच बाब उलट्या दिशेने दिसली. ऑगस्ट २०१४ मध्ये ती ताफ्यात आली तेव्हा शत्रूच्या पाणबुडीचा दूरवरून वेध घेणारा, नौकेमागे ओढत न्यायचा सोनार तिच्यावर बसलेला नव्हता. त्याची आणि नौकेची खरेदी-प्रक्रिया निराळ्या वाटांनी चालली होती. मोठी, सुसज्ज आखलेली आणि तरीही मुख्य साधनावाचून आलेली नौका, ही मर्यादित निधीचा वापर कसा करू नये याची नोंद म्हणून लक्षात ठेवण्याजोगी आहे.

गोदीचे अर्थकारण

आता कट्टुपल्लीकडे वळू. तमिळनाडू औद्योगिक विकास महामंडळाच्या सहभागाने लार्सन अँड टुब्रोने येथे गोदी आणि बंदर असा जोड प्रकल्प उभारला. २०१३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. बंदराचा भाग २०१८ मध्ये अदानी समूहाकडे १,९५० कोटी रुपयांना गेला आणि गोदी कंपनीने स्वतःकडे ठेवली. बंदराच्या प्रस्तावित विस्ताराला पुलिकत व एन्नोर परिसरातील मच्छीमारांचा विरोध राहिला आहे. किनाऱ्याची धूप आणि मासेमारीवर होणारा परिणाम हे त्यांचे मुद्दे आहेत. संरक्षण-उद्योगाचा खर्च मोजताना अशा सामाजिक खर्चाचीही नोंद व्हावयास हवी. ती सहसा होत नाही.

गोदी हा प्रचंड स्थिर खर्चाचा व्यवसाय आहे. क्रेन, जहाज पाण्यातून उचलणारी लिफ्ट, प्रशिक्षित वेल्डर आणि आरेखक यांचा खर्च मागणी असो वा नसो, चालूच राहतो. एकाच आराखड्याच्या नौका एकामागून एक बांधल्या, की प्रत्येक नव्या नौकेला लागणारे श्रमतास कमी होत जातात. पहिल्या नौकेत ज्या नळ्या दोनदा बसवाव्या लागल्या त्या तिसऱ्या नौकेत एकदाच बसतात. या अनुभव-वक्राचा लाभ मिळवायचा, तर मागणीत खंड पडता कामा नये.

तटरक्षक दलाच्या सात गस्ती नौकांनी कट्टुपल्लीला हा अनुभव दिला. त्यांतील ‘विक्रम’ एप्रिल २०१८ मध्ये दाखल झाली आणि सातवी, ‘विग्रह’, ऑगस्ट २०२१ मध्ये चेन्नईत. सुमारे सव्वातीन वर्षांत सात नौका. एक आराखडा, एक ग्राहक, ठरलेली कामे आणि गुंतागुंतीची शस्त्रे कमी, ही या वेगामागची कारणे.

पुढे कोलकात्याच्या सरकारी गोदीने आपल्या कामाचा काही भाग कट्टुपल्लीला दिला. २०१८ च्या करारातील चार मोठ्या सर्वेक्षण नौकांपैकी तीन येथे बांधल्या गेल्या. अर्नाळा मालिकेतील आठपैकी अर्नाळा, अंजदीप, अमिनी आणि अभय या चारही येथेच. गोव्याच्या दक्षिणेस कारवारसमोर असलेल्या अंजदीव बेटाचे नाव त्यांतील एकीला मिळाले, हेही नोंदवावे. कोलकात्यात त्या काळी मोठ्या फ्रिगेटचे काम चालू होते. तेथे जागा अडली होती आणि कट्टुपल्लीत जागा होती. सार्वजनिक आणि खासगी क्षेत्रांतील ही भागीदारी एखाद्या घोषणेतून जन्मली नाही, ती जागेच्या गणितातून आली. म्हणूनच ती टिकली असावी.

याउलट खासगी गोद्यांची पडझडही याच काळात झाली. गुजरातमधील पिपावाव येथील गोदीला २०११ मध्ये पाच गस्ती नौकांचे कंत्राट मिळाले होते. ते २०२० मध्ये रद्द झाले आणि कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एबीजी शिपयार्ड आणि महाराष्ट्रात पाय रोवलेली भारती शिपयार्ड यांचीही अखेर अशीच झाली. कर्जाचा बोजा, व्यापारी जहाजांच्या मागणीतील मंदी आणि व्यवस्थापनातील दोष ही कारणे होतीच. परंतु संरक्षण खात्याची मागणी झटक्याझटक्याने येते, हेही एक कारण होते. मोठ्या उद्योगसमूहाचा आधार असलेली गोदी असे कोरडे हंगाम काढू शकते. एकट्या गोदीला ते जमत नाही.

कट्टुपल्लीने कोरडे हंगाम काढले ते दुरुस्तीच्या कामातून. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी नौदलाचे ‘चार्ल्स ड्र्यू’ हे रसदवाहू जहाज येथे दुरुस्तीसाठी आले. अमेरिकी नौदलाच्या जहाजाची भारतातील ती पहिलीच दुरुस्ती. २०२३ मध्ये त्या नौदलाशी दुरुस्तीचा दीर्घ मुदतीचा करार झाला. नव्या बांधणीचेही काम आले. २०२२ मध्ये दोन बहुउद्देशीय नौकांचे कंत्राट मिळाले, तर मार्च २०२३ मध्ये ३,१०८ कोटी रुपयांचे तीन प्रशिक्षण नौकांचे.

अर्नाळाच्या बांधणीत ५५ हून अधिक सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा सहभाग होता आणि तिच्यात ८० टक्क्यांहून अधिक साहित्य देशी आहे, असे अधिकृत निवेदनात म्हटले आहे. आकडा समाधानकारक आहे. पण नौदलाच्या कसोटीस उतरणारी झडप किंवा विद्युत-तार बनवू पाहणाऱ्या कारखानदाराला चाचण्या आणि प्रमाणपत्रे यांवर आधी भांडवल घालावे लागते आणि मागणी असते ती आठ किंवा सोळा संचांची. मोटारींच्या सुट्या भागांवर वाढलेल्या चेन्नईच्या कारखानदाराला हा हिशेब परका वाटतो. सोळावी नौका झाल्यावर पुढे काय, याचे उत्तर त्याला करार करतानाच हवे असते.

या मालिकेच्या रचनेतच येथे एक पेच आहे. १६ नौकांपैकी आठ कोलकात्याच्या कंपनीला आणि आठ कोचीन शिपयार्डला, दोघांनाही सारख्याच ६,३११ कोटी रुपयांत देण्यात आल्या. कोचीनच्या नौकांचा आराखडाही स्वतंत्र आहे. त्यांतील ‘माहे’ नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईत दाखल झाली. ‘मालवण’ही त्याच मालिकेतली. काम दोघांत वाटल्याने स्पर्धा राहते आणि एका गोदीतील अडचणीने सारा कार्यक्रम अडत नाही. परंतु दोन आराखडे, सुट्या भागांचे दोन साठे आणि दोन अनुभव-वक्र, त्यांतील एक तर पुन्हा कोलकाता व कट्टुपल्ली यांत विभागलेला, ही त्याची किंमत होय. १६ ही संख्या दोन आराखड्यांसाठी कमीच आहे. दोन गोद्यांत एकच आराखडा बांधला गेला असता, तर स्पर्धा राखूनही देखभालीचा खर्च आटोक्यात ठेवता आला असता.

उशिराचा खर्च

२०१९ च्या करारानुसार पहिली नौका ४२ महिन्यांत, म्हणजे ऑक्टोबर २०२२ पर्यंत मिळावयाची होती. अर्नाळाचे जलावतरण डिसेंबर २०२२ मध्ये झाले आणि ती नौदलाच्या ताब्यात आली ८ मे २०२५ रोजी. करोनाच्या साथीत सर्वच गोद्यांचे काम थांबले होते, ही सबब रास्त आहे. परंतु ती अडीच वर्षांचा पूर्ण हिशेब देत नाही.

दरम्यान जुन्या नौका थांबणार नव्हत्या. ज्यांची जागा या मालिकेने घ्यावयाची, त्या सोव्हिएत बनावटीच्या ‘अभय’ वर्गातील ‘अग्रय’ २०१७ मध्येच निवृत्त झाली होती. ‘अक्षय’ जून २०२२ मध्ये आणि ‘अजय’ सप्टेंबर २०२२ मध्ये गेली. करारातील मुदत पाळली गेली असती, तर जुनी नौका जाताच नवी आली असती. तसे न झाल्याने उथळ पाण्यातील पाणबुडीशोधाचे काम जवळजवळ तीन वर्षे मोठ्या नौका व हेलिकॉप्टर यांवर पडले. तीन हजार टनांची नौका नऊशे टनांच्या नौकेचे काम करू लागली, की इंधन, मनुष्यबळ आणि झीज यांचा खर्च वाढतो. हा खर्च कोणत्याही एका लेखाशीर्षाखाली दिसत नाही, पण तो होतोच.

नौकांच्या संख्येचाही एक हिशेब असतो. एक नौका सतत समुद्रावर ठेवायची, तर साधारण तीन बाळगाव्या लागतात. दुसरी दुरुस्तीत असते आणि तिसरी सरावात किंवा वाटेवर. म्हणून १६ नौका म्हणजे एका वेळी पाच-सहा, तेही दोन्ही किनाऱ्यांवर मिळून. दुरुस्तीचा निधी कापला, तर हे प्रमाण आणखी घसरते. महसुली खर्चात कपात करून भांडवली खर्च वाढवण्याचा मोह प्रत्येक अर्थमंत्रालयाला होतो. नौदलाच्या बाबतीत त्याचा अर्थ धक्क्याला बांधून ठेवलेल्या नव्या नौका असा होतो.

शेजाऱ्यांचे मार्ग

हाच प्रश्न खऱ्या अर्थाने लहान असलेल्या नौदलांनी निरनिराळ्या प्रकारे सोडवला आहे. फिलिपिन्सचा ताफा दीर्घकाळ दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी नौकांवर चालला. २०१९ मध्ये दक्षिण कोरियाने त्याला एक वापरलेली कॉर्व्हेट भेट दिली आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्याच देशातील ह्युंदाई गोदीशी २८ अब्ज पेसोंत दोन नव्या कॉर्व्हेटचा करार झाला. त्यांतील पहिली २०२५ मध्ये दाखल झाली. त्याआधीच्या दोन फ्रिगेटही याच गोदीतल्या. म्हणजे सुटे भाग, प्रशिक्षण आणि दुरुस्ती यांचे सूत्र एका पुरवठादाराकडे राहिले. लहान खरेदीदाराला हे परावलंबन परवडते. विखुरलेली खरेदी परवडत नाही.

भारतानेही या बाजारात पाऊल टाकले आहे. कोलकात्याच्या गोदीने मॉरिशससाठी बांधलेली ‘बाराकुडा’ ही १,३०० टनांची गस्ती नौका मार्च २०१५ मध्ये दाखल झाली. किंमत ५ कोटी ८५ लाख डॉलर. गोवा शिपयार्डने श्रीलंकेसाठी बांधलेल्या दोन नौकांपैकी ‘सयुराला’ ऑगस्ट २०१७ मध्ये त्या नौदलात गेली. आणि जुलै २०२३ मध्ये १९९१ पासून सेवेत असलेली ‘कृपाण’ ही क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट भारताने शस्त्रांसह व्हिएतनामला भेट दिली. खुकरीच्या सोबतिणीचे नाव पुढे चालवणारी ही नौका. ३२ वर्षांच्या नौकेची खरेदी-किंमत शून्य असली, तरी तिचे जुने इंजिन आणि त्याचे सुटे भाग शून्य किमतीत मिळत नाहीत. ते पुरवण्याची जबाबदारी देणाऱ्याने घेतली, तरच अशा भेटीला अर्थ असतो.

निर्यातीच्या या शक्यतेमुळे कट्टुपल्लीसारख्या गोदीचा कोरडा हंगाम आखूड होऊ शकतो. पण परदेशी ग्राहक आराखड्याच्या चित्रावर विसंबत नाही. निर्मात्या देशाच्या स्वतःच्या नौदलात ती नौका किती वर्षे चालली आणि ठरल्या वेळी मिळाली काय, हे तो विचारतो. अर्नाळा मालिकेपुरते बोलायचे, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास वेळ आहे. दुसऱ्याचे उत्तर उरलेल्या नौकांवर अवलंबून आहे. पहिल्या नौकेनंतर दरवर्षी दोन, असे करारात ठरले होते.